गुरुजींच्या खांद्यावरचा हात

महाडच्या बाजारात कोणालाही विचारा, ड्रेपरीवाल्या बाईंचं दुकान कुठं आहे. दुकान लोक बरोबर दाखवतील. बाईंचं नाव काय म्हणून विचारलंत, तर डोकं खाजवतील. शेजारच्या वसंत फोटोवाल्याचं नाव मात्र पोलादपूरच्या टोकापर्यंत माहीत आहे, कारण ते प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात, सोनेरी अक्षरात, वेलबुट्टीसकट छापलेलं असतं. त्या फोटोतला कोट माझा, साडी माझी, फेटा माझा, बाळाचं टोपडंसुद्धा माझं. वसंताचं काय? बटण दाबणारं बोट.

या बोटांबद्दलच मला आज लिहायचं आहे. पण आधी धंदा काय तो सांगते.

ड्रेपरी म्हणजे भाड्याचे कपडे. शाळेचं स्नेहसंमेलन असो, गावच्या उत्सवातलं नाटक असो, राजा, वकील, म्हातारी, वाघ, सगळे माझ्याकडून कपडे नेतात. सुरुवात केली ती एका बंद पडलेल्या लॉजचे पडदे घासाघीस करून उचलले आणि त्यांचे दोन राजे शिवले, तिथून. नवरा म्हणाला होता, दोन राजांवर कुठं संसार चालतो का? चालला. आज माझ्याकडे अकरा राजे आहेत आणि नवरा गल्ल्यावर बसतो.

फोटोची माणसं नंतर यायला लागली. घरातल्या सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचा ठरला की पहिलं भांडण कपड्यांवरून होतं, आणि ते माझ्या दुकानात येऊन होतं. मी त्यांना काही गोष्टी सांगते, त्या तुम्हालाही सांगते. बारीक चौकडी घालू नका, फोटोत ती वळवळते. कोरे कपडे घालू नका, माणूस त्यांच्या आत उभा असल्यासारखा दिसतो. मागच्या रांगेनं कमरेखाली काय घातलंय याला महत्त्व नाही. त्या रांगेला मी कमरेच्या वरचंच भाडं लावते. चांगल्या चांगल्या हुद्द्यावरची माणसं माझ्या फोटोंत वरून कोट आणि खालून लुंगी अशी उभी आहेत. मी नावं सांगणार नाही.

आणि सगळ्यांनी एकाच रंगात यायचा हट्ट तर अजिबात करू नका. शिवथरकडच्या एका घरानं कापडाचा अख्खा तागा विकत घेऊन चौदा जणांचे कपडे शिवले होते. उरलेल्या कापडाचं सोफ्याला कव्हर केलं. फोटो आला तेव्हा आजी सापडेनात. शेवटी चष्म्यावरून शोधल्या.

माझ्या दुकानाचा खरा मानकरी मात्र निळा कोट. तो मुळात नाटकातल्या मंत्र्यासाठी शिवलेला, म्हणून ऐसपैस. पाठीवर मी तो उभा कापलाय. पुढून बघावं तर कोट. मागून चिमटे लावून हवा तेवढा आवळायचा. कुठल्याही मापाचा पुरुष त्यात बसतो. पुरात दुकान छतापर्यंत पाण्यात गेलं, तेव्हा हा कोट एका नाटकमंडळाकडे डोंगरात होता म्हणून वाचला. लग्नाळू मुलांचे फोटो त्यातच निघतात. एकदा पोलादपूरचे एक गृहस्थ पाच स्थळांचे पाच फोटो काउंटरवर पत्त्यांसारखे पसरून म्हणाले, "ताई, ह्यातला कोट कोनाचा हाय तेवडं सांगा. त्यालाच पोरगी द्यायची." मी म्हटलं, "माझा आहे. द्या."

आता कापडे गावच्या गुरुजींकडे येते. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरच्या पुढं, अंगानं काडी, आवाजानं घंटा. आयुष्यभर शाळेत आणि बौद्धवाडीत त्यांनी एकच गोष्ट शिकवली: पुरावा दाखवा. हळदीत चुना घालून लाल पाणी करायचे आणि म्हणायचे, बघा, हीच ती करणी. त्यांच्या मंडळी आदल्या वर्षी वारल्या. मग मुलांनी ठरवलं की गुरुजी आहेत तोवर सगळ्या घराचा एक मोठा फोटो काढायचा. गणपतीनंतर मुंबईचे चाकरमानी गावात होते, तेव्हाचा एक रविवार ठरला.

गुरुजी स्वतः दुकानात आले. म्हणाले, "ताई, मला तो निळा कोट हवा." त्यांच्या घरात भिंतीवर जी मोठी तसबीर आहे, तिच्यातल्यासारखा. आयुष्यभर पांढरा सदरा घातला, एकदा कोटात बसायचंय. मी भाडं सांगितलं. त्यांनी निम्मं सांगितलं. मी म्हटलं, गुरुजी, तुमच्यासारख्यांनी असं करावं? ते म्हणाले, कोटाला पाठच नाही, मग पूर्ण कोटाचे पैसे कशाचे? अर्धा तास आम्ही भांडलो. असा तोडीचा माणूस मला वर्षातून एकदा मिळतो.

त्याच दिवशी मी वसंतालाही धरलं. म्हटलं, सतरा जणांचे कपडे मी देतेय, या फोटोच्या कोपऱ्यात तुझ्या नावाखाली माझंही नाव पाहिजे. "वेशभूषा" आणि पुढं नाव. तो हो म्हणाला. लेखी घ्यायला हवं होतं.

रविवारी मिनीडोर रिक्षात दोन पेट्या टाकून कापड्याला पोचले, तर अंगणात लढाई सुरू. थोरली सून सोनाली, बदलापूरची. तिनं मोबाइलवर थीम शोधून ठेवलेली.

"ताई, सगळ्यांचं पिस्ता कलर करू या ना. एकदम सॉफ्ट दिसतं."

"पिस्ता?" गुरुजींची लेक मंगल ओसरीवरून खाली उतरली. "आमच्यात चांगल्या कामाला पांडरं नेसतात गो. वंदनेला बसतात तसं."

"वन्सं, पांढऱ्यानं सगळे नर्ससारखे दिसतील."

"दिसूं दे. नर्सला पगार हाय."

मी सोनालीला हाताला धरून अंगणाच्या कडेला नेलं आणि समोरचं शेत दाखवलं. भात पोटरीत आलं होतं, कणसं फुटायच्या बेतात, वाऱ्यानं हलत होतं, आणि त्याचा रंग शंभर टक्के पिस्ता होता. म्हटलं, "बाई, या रंगात तुम्ही सगळे या शेतापुढं उभे राहिलात, तर फोटोत नुसती सतरा मुंडकी दिसतील." ते तिला पटलं. बायकांना पांढऱ्या साड्या निळ्या काठाच्या, पुरुषांना पांढरे सदरे, आणि पिस्ता फक्त तान्ह्या बाळाच्या टोपड्याला, असा तह झाला. सोनालीनं वर पिस्ता रंगाची टिकली मागून घेतली. मी दिली, माझ्याकडे सगळं असतं.

साड्या सारख्या दिसायला हव्यात म्हणून मी सगळ्यांच्या मागून चिमटे लावले. एकूण एक चिमटा संपला, आणि मग गुरुजी कोट घालून आले.

मंत्र्याचा कोट आणि काडीचे गुरुजी. दोन्ही बाह्यांत मिळून आणखी एक गुरुजी मावले असते. पाठीवरचं कापड मुठी भरभरून उरत होतं आणि माझ्याकडे चिमटा नव्हता. वसंत ओरडतोय, ऊन जातंय. बाळ रडतंय. शेवटी मी गुरुजींच्या खुर्चीमागं, मागच्या रांगेच्या पायांत, उकिडवी बसले आणि दोन्ही हातांनी कोट मागून आवळून धरला. सतरा जणांचे डोळे एकदम उघडे असण्याची वाट बघत मी तिथं किती वेळ बसले असेन! तोंडाशी धाकट्या मुलाची लुंगी.

तेवढ्यात वारा आला आणि कोटाचा डावा खांदा घसरला. मी उजवा हात वर करून खांदा पकडला, तोल गेला, डोकंही वर आलं. आणि त्याच क्षणी वसंतानं बटण दाबलं.

पुढं त्यानं पन्नास फोटो काढले. एकातही सगळ्यांचे डोळे उघडे नाहीत. उघडे फक्त त्या एकात.

तोच फोटो मोठा करून, काच लावून गुरुजींच्या घरी पोचला. मी वसंताकडे कॉम्प्युटरवर बघितला आणि माझं डोकं फिरलं. कोपऱ्यात त्याचं नाव, वेलबुट्टी. माझं नाव नाही. "जागा नव्हती, ताई." बरं, माझं डोकं? "ते काढलं ना. पुसलं. दोन तास लागले. मूळचा त्यावरच सेव्ह झाला." आणि हे काय? गुरुजींच्या डाव्या खांद्यावर, निळ्या कोटावर, चार बोटं. "ती काढली असती तर कोट बिघडला असता. कोणाला दिसतंय!"

कोणाला दिसतंय? सगळ्या तालुक्याला दिसलं.

आधी मंगलला दिसलं. तिनं फोटो खिळ्यावरून काढून उजेडात नेला म्हणे. चार बोटं, पहिल्या बोटाचं नख काळं. तिच्या आईचं त्या बोटाचं नख वरवंटा आपटून काळं झालेलं होतं, ते कधी उजळलंच नाही. झालं! आई आली. फोटोला आली. मग वाडी आली, मग शेजारची वाडी, मग पलीकडच्या गावातल्या बायका. कोणी उदबत्ती लावली, कोणी नवस बोललं. एकीनं त्या हातासाठी म्हणून हिरव्या बांगड्या आणून फोटोखाली ठेवल्या.

जन्मभर पुरावा मागणाऱ्या गुरुजींच्या घरात हे चाललेलं. जानेवारीत त्यांचा फोन आला. आवाज थरथरत होता, रागानं. "जयभीम ताई. तुमचा हात घेऊन ताबडतोब या. आणि तो कोटही आणा. लोकांसमोर सिद्ध करायचंय."

मी लगेच निघाले. खोटं कशाला बोलू, गुरुजींच्या तत्त्वांसाठी नाही निघाले. हात माझा आहे हे एकदा चार लोकांत ठरलं की वसंताला पुन्हा फोटो छापायला लावायचा, आणि कोपऱ्यात नाव. हक्काचं. कोट एका शाळेच्या संमेलनात होता. नाटकात भाषण करणाऱ्या मंत्र्याच्या अंगातून तो भर कार्यक्रमात उतरवून मी कापड्याला नेला. त्या मंत्र्यानं उरलेलं भाषण बनियनवर केलं.

अंगणात चाळीसेक माणसं. वसंतालाही बोलावलं होतं, तो लग्नाच्या ऑर्डरीचं निमित्त काढून आलाच नाही. मधे खुर्ची, शेजारी स्टुलावर फोटो. गुरुजींनी कोट घातला. आता मागून आवळायला कोण? सोनाली नवऱ्याबरोबर कुणाच्या तरी लग्नासाठी गावी आलेली होती. तिनं आणि आणखी एकीनं दोन बाजूंनी धरला. मी खुर्चीमागं उकिडवी बसले आणि हात वर केला.

"ती येवडी खाली बसलेली, तिचा हात येवडा वर कसा यील?" गर्दीतून एक म्हातारी.

"आला ना हा!"

"आता आला. तवाचं काय?"

गुरुजींनी आपण प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगितलं, ते कोणी मानेना, तेव्हा त्यांनी थोरल्या मुलाला उभं केलं. "तू मागच्या रांगेत होतास. सांग, हिचा हात वर आला की नाही?"

"बाबा, मान सरळ ठेवायला सांगितलेली. मी समोर बघत होतो."

मग मंगल पुढं आली. तिनं माझं बोट उचललं आणि फोटोतल्या बोटाशेजारी धरलं. मी बघितलं. पुरानंतर माझ्या दुकानाच्या शटरच्या पट्ट्यांत जो गाळ बसला तो अजून निघालेला नाही. शटर मधेच अडकतं आणि मधेच सुटतं. फोटोच्या आठवडाभर आधी ते माझ्या बोटावर पडलं होतं. नख काळं झालं होतं. आता ते गळून नवं आलं होतं, लहान मुलीसारखं गुलाबी.

"कुटं हाय काळं?" मंगल म्हणाली.

मी शटरचं सांगितलं. गाळाचं सांगितलं. पट्टी कशी वाकलीये ते हातवारे करून सांगितलं. लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं मी स्वतः आजवर शेकडो गिऱ्हाइकांकडे बघितलंय, कपडा आधीच फाटका होता म्हणणाऱ्यांकडे.

"नाव पायजे म्हनून आली," म्हातारी म्हणाली.

मी उसळले. "पाहिजेच! माझा हात, माझा कोट, माझ्या साड्या! माझ्या स्वतःच्या बोटांवर माझा हक्क नाही?"

"नाय," म्हातारी म्हणाली. निकाल लागला. स्वतःच्या हातावरचा दावा हरलेली मी महाड तालुक्यातली पहिलीच बाई असेन.

तेव्हा गुरुजी उठले. कोट मागून सुटला आणि दोन्ही बाजूंना लोंबायला लागला. ते हळू बोलले. मी तरी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"माझ्याकडे एक पुरावा आहे. बेचाळीस वर्षं संसार केला. चार माणसांत तिनं माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नाही. माझ्या शेजारी खुर्चीतसुद्धा बसली नाही. त्यामुळे हा हात तिचा असणं शक्य नाही."

मंगल डोळे पुसत म्हणाली, "म्हनून तर आता ठेवलान, बाबा. आता कोनाला लाजायची हाय ती?"

गुरुजी खाली बसले.

मंगल मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताय, आईचा एक फोटो नाय आमच्याकडं. आधार कार्डावर हाय, तो बगून आईच घाबरलेली. कवा फोटो काडायचा म्हटला की म्हनायची, साडी नाय चांगली, पुडल्या बारीला काडू. बाबांच्या रिटायरमेंटला तर म्हाडला गेलेली, भाड्याची तरी बगते म्हनून. तशीच आली."

मला कोणी तरी मागून आवळल्यासारखं झालं.

ती बाई मला आठवत होती. नाव माहीत नव्हतं, माणूस आठवत होता. सोनेरी काठाची हिरवी साडी तिनं हातात धरली होती. मी भाडं सांगितलं, वर अनामत सांगितली. तिनं थोडं कमी करायला सांगितलं, फार नाही. त्या दिवशी एका शाळेनं राजाची मिशी फाडून आणली होती, मी आधीच तापलेली. म्हटलं, "साडी आहे बाई ही, भाजी नाही." साडीची तिनं परत घडी घातली, माझ्या मूळच्या घडीपेक्षा नीट, म्हणून तर लक्षात राहिली. हिरव्या कापडावरून बोट फिरवून कड जुळवली. त्या बोटाचं नख काळं होतं. "राहूं दे ताय. फोटो काय, परत कवा काडू." आणि गेली. मी नवऱ्याला म्हटलं होतं, बघितलंस, एक रुपया सोडला नाही.

हे मी अंगणात बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहितेय.

अंगणात मी एवढंच म्हटलं, "गुरुजी, सौदा करू."

"सत्याचा सौदा होत नसतो, ताई."

"पाठ नसलेल्या कोटाचा झाला होता. बसा."

घासाघीस बराच वेळ चालली. शेवटी ठरलं ते असं. उदबत्ती, नवस, बांगड्या बंद, आजपासून; हे गुरुजींचं. त्या फोटोसमोर उभं राहून हात आईचा नाही असं कोणी म्हणायचं नाही, गुरुजींनीसुद्धा, हे मंगलचं. गुरुजी म्हणाले, "मग खरं काय ते कुठं राहणार?" मी म्हटलं, मागच्या बाजूला. फोटो पुन्हा छापून मागायचा नाही, कोपऱ्याचा हट्ट नाही. हे मी सोडलं. आयुष्यात पहिल्यांदा मी मागितलं त्याच्यापेक्षा कमी घेऊन उठले.

गुरुजींनी फ्रेम उलटी मांडीवर घेतली आणि मागच्या पुठ्ठ्यावर, फळ्यावरच्या त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं. कोट अजून अंगात होता. बाह्या मागं सारत सारत लिहिलं. मंगलनं फोटो परत खिळ्याला लावला.

त्यानंतर माझ्याकडे एक विचित्र गिऱ्हाईक सुरू झालंय. लोक येतात, कपडे बघतात, आणि आपलं गेलेलं माणूस आठवून हळूच विचारतात, "ते हातवालं मिळंल का?" वसंत तर दर ठरवून बसलाय. मी हाकलून देते. पुराच्या गाळातून धुऊन काढलेली ती हिरवी साडी मात्र आता भाड्यानं देत नाही. कोणी फोटोसाठी मागितली तर तशीच देते, अनामतसुद्धा घेत नाही. नवरा गल्ल्यावरून बघत राहतो. बघू दे.

तुम्ही कधी कापड्याला गेलात तर गुरुजींच्या घरी चहा घ्या. भिंतीवरचा फोटो बघा, पण हाताबद्दल काही बोलू नका. तसं ठरलेलं आहे. मंगल चहा आणायला आत गेली की फ्रेम उलटी करा. तिथं लिहिलंय: "खांद्यावरचा हात – शालन कदम, कपडेवाल्या, महाड. प्रत्यक्ष पाहिले." वाचून झालं की ती परत होती तशी लावा, आणि मंगल यायच्या आत खाली बसा.